मिशनचे आवार गावासाठी घ्यायचे असेल तर : ग्रामपंचायतीने टाकायची पावले

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील काही जुन्या गावांत वेशीच्या आसपास एक ऐसपैस आवार असते आणि त्याला लोक आजही ‘मिशन कंपाऊंड’ म्हणूनच ओळखतात. काळ्या दगडाचे, मंगलोरी कौलांचे छोटेसे उपासनामंदिर, त्याच्या मागे बंद पडलेली मिशनशाळा, पाळकांसाठी बांधलेला बंगला, दोन-चार जुनाट चिंचा आणि एका कडेला दफनभूमी, असे त्याचे साधारण रूप असते. गावातील सर्व जातिधर्मांच्या घरांतील आजी-आजोबांनी त्या शाळेत बाराखडी गिरवलेली असते, आणि संध्याकाळच्या घंटेवर बायकांनी चुली पेटवलेल्या असतात. असे आवार विकायला निघाले असल्याची कुणकुण लागली की तेथे प्लॉट पडणार, झाडे जाणार आणि गावाचा चेहरा बदलणार, या भीतीने कोणीतरी म्हणते की हे ग्रामपंचायतीनेच का घेऊ नये. विचार योग्य आहे आणि कायद्यातही त्याला जागा आहे, कारण ग्रामपंचायत ही अधिनियमानुसार स्वतंत्र निगम संस्था असल्याने तिला स्वतःच्या नावे स्थावर मालमत्ता घेता येते व बाळगता येते. मात्र या व्यवहारातील पावलांचा क्रम चुकला तर पैसा, वेळ आणि गावातील सलोखा या तिन्हींची हानी होते.

मी ग्रामसेवक म्हणून कृष्णाकाठच्या गावांत नोकरीची बरीच वर्षे काढली. त्यांपैकी एका गावात असाच व्यवहार ठरला, आवार ज्या न्यासाच्या (ट्रस्टच्या) नावे होते त्याच्या एका विश्वस्ताने तोंडी होकार दिला आणि ग्रामपंचायतीने उत्साहाच्या भरात इसाराची रक्कम देऊन टाकली. त्या धनादेशावर सरपंचांच्या सहीशेजारी माझी सही होती. पुढे त्या विश्वस्ताला एकट्याने व्यवहार करण्याचा अधिकारच नव्हता हे उघड झाले, अशा न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाची परवानगी आली नाही, आणि लेखापरीक्षणात त्या रकमेवर लागलेला आक्षेप माझी बदली झाल्यावरही कित्येक वर्षे निघाला नाही. तेव्हा जे समजले नव्हते आणि नंतर समजून घ्यावे लागले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी मंडळीकडे जावे

आवार विकले जात आहे ही बातमी बहुधा दलालाकडून किंवा तहसीलच्या आवारातील चर्चेतून येते, आणि त्यामुळे ग्रामपंचायतीचे पहिले बोलणेही दलालाशीच सुरू होते. येथेच पहिली चूक होते. गावात दहा-पंधरा ख्रिस्ती घरे असली तरी ती घरे म्हणजे त्या चर्चची मंडळी आहे, आणि पुष्कळदा त्यांना आपले उपासनामंदिर विकले जात असल्याचे गावाइतकेच उशिरा कळते. म्हणून सरपंच आणि दोन-तीन ज्येष्ठ सदस्यांनी, त्यात किमान एक महिला सदस्य असावी, पाळकांची आणि चर्चच्या पंचांची त्यांच्या सोयीने भेट घ्यावी, आणि ती शक्यतो रविवारच्या उपासनेनंतर त्यांच्याच आवारात घ्यावी. ग्रामपंचायत कार्यालयात त्यांना बोलावून घेणे टाळावे, कारण तेथे ती भेट चौकशीसारखी वाटते.

या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. येथे अजून नियमित उपासना होते का. आवारात कोण राहते आणि कोणत्या नात्याने राहते. आणि विक्रीचा निर्णय खरोखर कोणी, कोणत्या कारणासाठी घेतला आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकल्यावर कधी कधी खरेदीची गरजच उरत नाही. संस्थेला कौले शाकारायला किंवा पडलेली कुंपणभिंत उभी करायला पैसे नसतात म्हणून विक्री निघालेली असते, आणि शाळेची इमारत ग्रामपंचायतीने रीतसर भाड्याने घेतली तरी संस्थेची अडचण सुटते. सार्वजनिक न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागत नाही. तीन वर्षे वाचनालय किंवा अभ्यासिका चालवून पाहावी, गावाचा प्रतिसाद कसा आहे ते कळते, आणि मंडळीचाही ग्रामपंचायतीवर विश्वास बसतो. घाई नसेल तर मी हाच मार्ग आधी सुचवतो.

आवार नेमके कोणाचे आहे

या व्यवहारातील सर्वांत किचकट भाग हाच आहे, आणि त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे काम पुढे सातारा-वाई भागात पोहोचले, तर सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन रुजले, मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांनी उभारलेले मिशन हॉस्पिटल हे त्याच कामाचे सर्वपरिचित रूप आहे. या मिशनांशी निगडित मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. माणसे एका छताखाली आली, पण जमिनीचे कागद प्रत्येक वेळी त्यांच्या मागोमाग बदलले असे नाही. परिणामी सातबाऱ्यावर आजही एखाद्या परदेशी मिशनचे, क्वचित एखाद्या मिशनरी साहेबाचे नाव कब्जेदार सदरी सापडते, धर्मादाय कार्यालयातील नोंद दुसऱ्याच न्यासाच्या नावाने असते, आणि प्रत्यक्ष कारभार तिसरी समिती पाहत असते. गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या मिळकतींवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, चर्चचे विलीनीकरण झाले एवढ्याने नोंदणीकृत न्यासाची मिळकत आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील रीत पाळावी लागते. तोच कायदा महाराष्ट्रात १९५० पासून लागू आहे, म्हणून हा निकाल आपल्या गावालाही बोधक आहे.

तेव्हा कागद गोळा करताना केवळ चालू सातबारा काढून थांबू नये. गटाचे जुने उतारे आणि त्यावर आलेले सर्व फेरफार मागे मागे जात काढावेत, गावठाणात किंवा सिटी सर्व्हे हद्दीत जागा असेल तर मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उतारा घ्यावा, आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या नमुना ८ मध्ये घरपट्टी कोणाच्या नावाने आकारली गेली आहे तेही पाहावे. धर्मादाय कार्यालयातून त्या न्यासाच्या परिशिष्ट १ चा उतारा मिळतो. त्यात विश्वस्तांची नावे आणि न्यासाच्या स्थावर मिळकती लिहिलेल्या असतात. सातबारा आणि परिशिष्ट १ हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून गट क्रमांक, क्षेत्र आणि नाव ही तिन्ही जुळतात का ते पाहणे, हे या सगळ्या कामातील सर्वांत मोलाचे अर्ध्या तासाचे काम आहे. विश्वस्त बदलले असतील आणि त्यांचा बदल अहवाल (धर्मादाय कार्यालयाला बदल कळवणारा अर्ज) मंजूर झालेला नसेल, तर त्यांच्या सहीवर विसंबून राहू नये. दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून लेखी घ्यावा.

आणखी एक शंका आपल्याच भागात विशेषकरून येते. सांगली, मिरज, जत यांसारख्या संस्थानांच्या मुलखात काही जागा दरबाराने दिलेल्या असू शकतात, आणि साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर तेथे ब्रिटिश सरकारने दिलेल्या जागाही असतात. अशी जागा विशिष्ट कामासाठी, अटींवर दिलेली असेल तर ती बहुधा भोगवटादार वर्ग २ म्हणून नोंदलेली असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण करता येत नाही. इतकेच नव्हे, अटीचा भंग झाल्यास ती सरकारजमाही होऊ शकते. मूळ जागा सरकारचीच असल्याचे निघाले, तर ग्रामपंचायतीने विकत घेण्याचा प्रश्न उरत नाही. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक प्रयोजनासाठी मागणी करण्याचा वेगळा, आणि स्वस्त, मार्ग खुला होतो. जमीन शेतीची असेल तर कूळकायदा आणि तुकडेबंदीची अडचण येते का, हेही वकिलाकडून याच टप्प्यावर लिहून घ्यावे.

काय घ्यावे आणि काय घेऊ नये

येथे मी माझे मत आडपडदा न ठेवता सांगतो. गावात मंडळी अजून उपासना करीत असेल, तर ग्रामपंचायतीने उपासनामंदिर विकत घेऊ नये. शाळा, बंगला, मैदान आणि झाडे असलेली मोकळी जागा गावाने घ्यावी. मंदिराची वास्तू, तिच्याभोवतीची पुरेशी जागा, दफनभूमी आणि तेथपर्यंत जाणारा रस्ता हे सर्व न्यासाच्याच मालकीत राहू द्यावे.

याला तीन कारणे आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २७ प्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रचारासाठी किंवा पोषणासाठी खर्च करण्याकरिता कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. घरपट्टीच्या पैशातून उपासनास्थळ घेऊन त्याची देखभाल करीत बसल्यास हा आक्षेप आज ना उद्या कोणीतरी घेणारच. दुसरे असे की, १९९१ चा उपासना स्थळांविषयीचा कायदा एका धर्माचे किंवा पंथाचे उपासनास्थळ दुसऱ्याचे करण्यास मनाई करतो आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्या स्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते ते कायम ठेवतो. ग्रामपंचायतीच्या ताब्यात वास्तू आल्यावर तेथे दुसऱ्या कोणाचा उत्सव बसवण्याची मागणी होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि मग ज्या सलोख्यासाठी खरेदी केली तोच धोक्यात येतो. तिसरे कारण ग्रामपंचायतीच्या घडणीत आहे. पाच वर्षांनी सदस्य बदलतात. आजच्या सरपंचांनी मंडळीला दिलेला शब्द उद्याच्या सरपंचांना बांधून ठेवीलच असे नाही, आणि खरेदीखतात ‘येथे उपासना चालू राहील’ अशी ओळ लिहिल्याने कायम संरक्षण मिळते असे समजणेही धोक्याचे आहे, कारण पूर्ण मालकी देऊन वर घातलेल्या अटी न्यायालयात टिकतीलच याची खात्री नसते. मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवणे हाच साधा आणि टिकाऊ उपाय आहे.

मंडळी पुण्या-मुंबईकडे निघून गेली आहे, कित्येक वर्षांत उपासना झालेली नाही आणि न्यास संपूर्ण आवार देऊ इच्छितो, अशी स्थिती असेल तर मात्र विचार वेगळा करावा लागतो. अशा वेळी वरील कायद्यांच्या संदर्भात जिल्हा सरकारी वकिलांचे किंवा अनुभवी वकिलाचे लेखी मत घेऊन, वास्तूचा उपयोग फक्त वाचनालय, अभ्यासिका किंवा तत्सम सर्वधर्मीय कामासाठी होईल असे आधीच ठरवावे. वेदी, बाप्तिस्म्याचे पात्र, घंटा, बाप्तिस्मे आणि विवाहांच्या नोंदवह्या या वस्तू खरेदीत धरू नयेत. त्या चर्चच्या वरिष्ठ संस्थेने सन्मानाने घेऊन जाव्यात. नोंदवह्या तर कोणत्याही परिस्थितीत गावात पडून राहू देऊ नयेत, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या जन्मविवाहांचा तोच एक लेखी आधार असतो. भिंतीवरच्या स्मृतिशिला मात्र जागच्या जागी ठेवाव्यात. दफनभूमी कोणत्याही स्थितीत घेऊ नये, आणि तेथे जाणारा रस्ता नकाशात मोजून, रुंदीसह दाखवावा. ‘पूर्वापार वहिवाट आहे’ असे मोघम लिहिलेल्या ओळीवरून पुढे किती भांडणे होतात, ते मी पाहिले आहे.

हद्दी ठरल्या की भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मोजणीच्या दिवशी पाळक, विश्वस्त आणि चारही बाजूंचे लगतदार हजर राहतील असे पाहावे.

ग्रामसभेसमोर विषय कसा ठेवावा

मासिक सभेत ठराव करून हा विषय उरकता येईल असे काही सदस्यांना वाटते. तसे करू नये. विषय आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत, कार्यक्रमपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून ठेवावा. ‘ऐनवेळी येणाऱ्या विषयांत’ तो घुसडू नये. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत थोड्या लोकांतही ठराव होऊ शकतो, परंतु या विषयाचा ठराव तशा सभेत करू नये असा माझा आग्रह आहे. जितकी माणसे हात वर करतील तितका तो ठराव पुढे टिकतो. सभेआधी दवंडी द्यावी आणि आवाराचा नकाशा मोठ्या कागदावर काढून चावडीवर आठवडाभर लावून ठेवावा. घ्यायचा भाग एका रंगाने आणि वगळलेला भाग दुसऱ्या रंगाने दाखवावा. अनेक गैरसमज त्या एका नकाशाने विरून जातात.

ठरावाची भाषा ढिली ठेवू नये. तो साधारण असा असावा : ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक मधील मिशन आवारापैकी, सोबतच्या नकाशात हिरव्या रेघेने दाखविलेले क्षेत्र, त्यावरील जुनी शाळा व बंगला या इमारतींसह, सार्वजनिक वाचनालय, अभ्यासिका व खुले मैदान या प्रयोजनांसाठी, धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी मिळण्याच्या अटीवर खरेदी करण्याची कार्यवाही सुरू करावी. उपासनामंदिर, दफनभूमी व तेथे जाण्याचा रस्ता या खरेदीतून वगळण्यात आले आहेत. खरेदी केलेल्या जागेचे भूखंड पाडून विक्री करण्यात येणार नाही. उक्त मंजुरी मिळेपर्यंत कोणतीही रक्कम इसार म्हणून देण्यात येणार नाही.’ त्याखाली सूचक व अनुमोदक यांची नावे आणि विरोध झाला असल्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही इतिवृत्तात लिहावे. विरोध लपवलेल्या इतिवृत्तावर वरिष्ठ कार्यालय विश्वास ठेवत नाही.

वाचनालय, सांस्कृतिक कार्य आणि सामुदायिक मालमत्तेची देखभाल हे तिन्ही विषय संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्यायोग्य म्हणून नोंदलेले आहेत, आणि प्रस्तावात त्यांचा उल्लेख आवर्जून करावा. ‘गावाचे गावपण टिकावे’ ही भावना कितीही खरी असली तरी फायलीत तिला प्रयोजनाचे नाव द्यावे लागते. ज्या सदस्याचे किंवा त्याच्या कुटुंबीयांचे त्या जागेत काही हितसंबंध असतील, उदाहरणार्थ तो लगतदार असेल किंवा आवारात भाडेकरू असेल, त्याने ते सभेत स्वतःहून सांगावे आणि मतदानापासून दूर राहावे. ग्रामपंचायतीच्या करारात सदस्याचा हितसंबंध असणे हे अपात्रतेचे कारण होऊ शकते.

किंमत आणि पैशाची जुळणी

किंमत वाटाघाटीने ठरते, पण ती अंदाजपंचे ठरवू नये. रेडीरेकनरचा दर ही एक बाजू, शासनमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल ही दुसरी, आणि शक्य असल्यास नगररचना विभागाच्या जिल्हा कार्यालयाचे मत ही तिसरी. या तिन्ही फायलीत असल्याशिवाय आकडा उच्चारू नये. मोडकळीला आलेल्या इमारतींची किंमत मूल्यांकनात शून्याजवळ जाते, मात्र सागवानी तुळया आणि कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) यांचे मोल वेगळे नोंदवून घ्यावे, नाहीतर ताबा घेण्याआधी ते लाकूड आवारातून नाहीसे होण्याची शक्यता असते.

पैशाच्या बाबतीत गावे बहुधा चुकीच्या दाराशी जातात. खासदार निधीतून जमीन खरेदी करता येत नाही, आणि धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर कामही करता येत नाही. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर झाल्यावर मात्र तेथील वाचनालयासाठी अशा निधीची मागणी करता येते. वित्त आयोगाच्या अनुदानातील बंधित रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी असते, तिला हात लावू नये. अबंधित रकमेबाबत त्या-त्या वेळच्या मार्गदर्शक सूचना पाहून गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर घ्यावे. मुख्य आधार स्वनिधी हाच राहतो, आणि त्यातूनही मागासवर्गीय, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवावयाचा हिस्सा आधी बाजूला काढावा लागतो. उरलेली तूट जिल्हा ग्राम विकास निधीच्या कर्जातून भरता येते. हे कर्ज घेताना घरपट्टीची वसुली किती होते याचा खरा आकडा समोर ठेवावा. वसुली निम्म्यावर असलेल्या गावाने खरेदीआधी वसुलीची मोहीम काढावी. लोकवर्गणीचे स्वागत करावे, पण ती ग्रामनिधीत रीतसर पावतीने जमा व्हावी, आणि वर्गणी दिली म्हणून जागेवर कोणाचा हक्क येत नाही असे पावतीवरच छापावे.

खरेदीचा विषय ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि अंदाजपत्रकात आला पाहिजे. त्यानंतर प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे पाठवून लेखी मान्यता घ्यावी.

धर्मादाय आयुक्तांची मंजुरी

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही. अर्ज न्यासाने करायचा असतो, ग्रामपंचायतीने नव्हे. पण ग्रामपंचायतीने आपले प्रस्तावपत्र, ग्रामसभेचा ठराव, नकाशा आणि मूल्यांकन अहवाल न्यासाला वेळेत द्यावा, म्हणजे अर्ज सकस होतो. आयुक्त हे पाहतात की हा व्यवहार न्यासाच्या हिताचा, फायद्याचा किंवा संरक्षणाचा आहे का. योग्य किंमत मिळावी म्हणून जाहीर नोटीस काढून इतर देकारही मागवले जाऊ शकतात, आणि त्या वेळी एखादा बांधकाम व्यावसायिक ग्रामपंचायतीपेक्षा मोठा आकडा घेऊन उभा राहू शकतो.

या प्रसंगाची तयारी आधीपासून ठेवावी, कारण गावे येथेच हरतात. ग्रामपंचायतीने बोलीत उतरून आकडा वाढवत जाऊ नये. तिला तसा अधिकारही ठरावाच्या मर्यादेपलीकडे नसतो. तिने म्हणणे मांडावे ते असे : न्यासाचे हित केवळ रकमेत नाही, न्यासाचा मूळ उद्देश शिक्षण आणि उपासना हा आहे, आमच्या प्रस्तावात उपासनामंदिर, दफनभूमी आणि रस्ता न्यासाकडेच राहतात, शाळेच्या जागी पुन्हा वाचन-शिक्षणाचेच काम उभे राहते, आणि शेजारी वसाहत झाल्याने उपासनेला होणारा उपद्रव टळतो. कायद्यातील ‘संरक्षण’ हा शब्द याच ठिकाणी उपयोगी पडतो. या म्हणण्याला मंडळीतील सभासदांच्या सह्यांचे पत्र जोडलेले असेल तर त्याचे वजन कितीतरी वाढते, आणि म्हणूनच मी सुरुवातीला मंडळीकडे आधी जावे असे लिहिले. ते पत्र ऐनवेळी मागून मिळत नाही.

मंजुरीचा आदेश हाती आल्यावर त्यातील अटी आणि मुदत नीट वाचाव्यात. मुदतीत खरेदीखत झाले नाही तर पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते.

खरेदीखत आणि ताबा

खरेदीखताचा मसुदा वकिलाने केला तरी चतुःसीमा सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) स्वतः आवारात उभे राहून वाचाव्यात. धर्मादाय आयुक्तांच्या आदेशाचा क्रमांक व दिनांक, वगळलेले क्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि मोजणी नकाशा हे खतात आलेच पाहिजे. रक्कम न्यासाच्या बँक खात्यावरच जावी. महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील गाव असेल तर तो भाग २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने पुढे कोणती बांधकामे आणि दुरुस्त्या करता येतील, याची चौकशी खतावर सही करण्यापूर्वीच करावी.

आवारात राहणाऱ्यांचा प्रश्न कागदावरून सुटत नाही. मिशनच्या जुन्या शिक्षकाची विधवा पत्नी, चौकीदाराचे कुटुंब, अशी माणसे तेथे दोन-दोन पिढ्या राहिलेली असतात आणि त्यांच्याजवळ एकही चिठ्ठी नसते. मोकळा ताबा देण्याची जबाबदारी न्यासाची आहे असे म्हणून ग्रामपंचायतीने त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. न्यासाकडे उरलेल्या भागात त्यांची सोय लावता येते का, किंवा पात्र असल्यास घरकुल योजनेत त्यांचे नाव बसते का, हे खरेदीखताआधी पाहावे. गावाने आवार राखले आणि त्यातील माणसे उघड्यावर पडली, असा व्यवहार करण्यात काही अर्थ नाही.

नोंदणी झाल्यावर फेरफारासाठी लगेच अर्ज करावा, नमुना ८ मध्ये बदल करावा आणि ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या व जमिनीच्या नोंदवह्यांत नोंद घ्यावी. न्यासानेही परिशिष्ट १ मध्ये बदल अहवाल दाखल केला याची प्रत मागून घ्यावी.

इमारत हाती आल्यावर

पहिल्या वर्षी रंगरंगोटीवर पैसे घालू नयेत. ते छपरावर घालावेत. मृग लागण्यापूर्वी शाकारणी झाली पाहिजे, फुटलेली कौले बदलली पाहिजेत, आणि रीपा व वासे सुताराकडून एक-एक करून ठोकून तपासले पाहिजेत. जुनी मंगलोरी कौले काढताना फेकून देऊ नयेत. एका कडेला उभी रचून ठेवावीत, कारण त्याच मापाचे कौल पुढे मिळणे कठीण जाते आणि नवे कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही.

भिंतींच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. या इमारतींचे दगड चुन्यात बसवलेले असतात, आणि चुन्याची भिंत आत शिरलेली ओल हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि आतला दगड खिळखिळा होतो. पंचायत समितीचे शाखा अभियंता अंदाजपत्रक करताना सवयीने सिमेंटचा गिलावा, टाइल्स आणि कौलांच्या जागी पत्रा किंवा स्लॅब धरतील; ते अंदाजपत्रक तसेच मान्य न करता चुन्याचे काम, मूळ फरशी आणि कौलारू छप्पर राखून ते सुधारून मागावे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी वाईकडे घाटांच्या आणि देवळांच्या दुरुस्त्यांवर काम केलेल्यांत शोधावेत. दगडांमधील दर्जांत (सांध्यांत) चुना भरताना आधी दर्ज खरवडून पाण्याने भिजवली जाते का, एवढे एक पाहिले तरी गवंडी जाणकार आहे की नाही ते कळते.

वाचनालय सुरू करायचे असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता घेतल्यावर वर्गवारीनुसार अनुदान मिळते. आवाराच्या व्यवस्थापनासाठी ग्रामपंचायतीने समिती नेमावी आणि तिच्यात मंडळीचा एक प्रतिनिधी ठेवावा. नाताळ, शुभशुक्रवार आणि ईस्टरच्या दिवशी मैदानात मंडप, ध्वनिक्षेपक किंवा क्रिकेटचे सामने असणार नाहीत, आणि रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी मैदान शांत राहील, हे समितीच्या पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे. दोन्ही जागांमधील कुंपणाला एक फाटक ठेवावे, त्याच्या दोन किल्ल्या करून एक पाळकांकडे आणि एक ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी, आणि त्या फाटकाची नोंद नकाशातही करावी.